सुंदररावाचे डावे वळण

सुंदरराव कायद्याच्या पेपरात वर्गात दुसरा आला होता आणि आचरणाच्या नियमांत पहिला. त्याची पगडी नीट बसत असे, बुटांना चकाकी असे, पंचनामा तो तमिळमध्ये आणि मोडक्या इंग्रजीत लिहू शकत असे. अडचण एकच होती. कवायतीत ‘लेफ्ट व्हील’ असा हुकूम झाला की तो उजवीकडे जात असे.

तंजावरचे राज्य खालसा होऊन पन्नासावर वर्षे उलटली होती. आधी माणसाला पट्टा बांधायचा आणि मग जमले तर शिकवायचे, ही पोलीस खात्याची जुनी रीत बंद झाली होती. कुंभकोणमच्या उमेदवार शिपायांना आता कलमे, आचरण, लेखन आणि कवायत अशा चार परीक्षा द्याव्या लागत. चारही पार पडल्या तर साहेबाच्या सहीचा दाखला मिळे आणि नोकरी कायम होई. कोणत्याही एका विषयात तीनदा नापास झालेला उमेदवार पट्टा जमा करून घरी जाई. सुंदरराव कवायतीत दोनदा नापास झाला होता. तिसरी परीक्षा महिनाअखेरीस होती, आणि त्यानंतर त्याचे वय भरतीच्या मर्यादेबाहेर जाणार होते.

त्याला डावे-उजवे कळत नव्हते असे नाही. बाजारात जाताना तो कुंभेश्वराच्या कोपऱ्यावर रोज डावीकडे वळे. रांगेत जागच्या जागी डावीकडे तोंड करायचा हुकूमही तो बिनचूक पाळी. घोटाळा होई तो फक्त ढोल वाजत असताना, सगळे पाय एकत्र पडत असताना, मधल्या निशाणाच्या खांबाला वळसा घालायचा असला म्हणजे.

याचे कारण मैदानावर कोणालाही सांगता आले नसते, पण गोविंदपुरम्‌च्या कोणत्याही मराठी माणसाने ते लगेच सांगितले असते. सुंदरराव चालायला शिकला तो तिथल्या भजनात. मध्ये पेटवलेली उंच समई, भोवती हात धरून फेर धरलेली माणसे, मृदंगाचा ठेका. समई नेहमी उजव्या हाताला. एकदा ताल सुरू झाला की देवाला डाव्या हाताला ठेवून चालणे ही गोष्ट त्या फेरात कोणी कधी केली नव्हती, करून पाहिली नव्हती, ती करता येते असेही कोणाला वाटत नव्हते. सुंदररावाच्या पायांना ढोल म्हणजे मृदंग होता, आणि खांब म्हणजे समई.

त्यात तो सगळ्यांत उंच, म्हणून तुकडीच्या अग्रभागी. पहिल्या परीक्षेत अर्धी तुकडी हुकुमामागे गेली आणि अर्धी सुंदररावामागे. दोन्ही भाग खांबाच्या पलीकडे समोरासमोर आले, दोन गावांच्या पालख्या एका गल्लीत भेटाव्यात तसे, आणि आधी कोणी वाट द्यायची यावर उभे राहिले. परीक्षा पाहायला आलेल्या पेल्हम साहेबांनी इन्स्पेक्टरांना विचारले होते की ही नवीन कवायत आहे काय.

कवायत शिकवणारे हेड कॉन्स्टेबल स्वामीनाथ पिळ्ळै यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. तंजावरकडच्या सगळ्या मराठी माणसांना म्हणतात तसे ते त्याला ‘रायर’ म्हणत.

“रायर, डावा हात वर कर.”

सुंदररावाने केला.

“हा कुठला हात?”

“डावा, सर.”

“हात माझे ऐकतो. मग पाय कोणाचे ऐकतात?”

“तालाचे, सर.”

“तुझे आजोबा म्हणे राजाच्या घोडदळात होते. त्यांना कसे जमायचे?”

“घोड्याला डावे माहीत होते, सर.”

तुकडी हसली. पिळ्ळैही हसले, आणि मग घरी सराव कर म्हणाले.

घरी सराव करणे सोपे नव्हते. घरात तीन माणसे होती: सुंदरराव, त्याची बायको गोमती, आणि गोमतीची विधवा आई मीनाक्षीबाई, ज्या दुसरे मूल नसल्यामुळे लेकीजवळ राहत होत्या. मीनाक्षीबाई चार दिवस तापाने आतल्या खोलीत पडून होत्या, पण कान उघडे होते.

“तुळशीभोवती डावे फिरायचे नाही,” त्या आतून म्हणाल्या.

“नाही आई,” गोमती म्हणाली.

“विहिरीभोवतीही नाही. उखळाभोवतीही नाही. त्यात आपण खातो.”

“मग ह्यांनी फिरावे कोठे?”

“घराबाहेर फिरावे. सरकारने मैदान दिले आहे ना.”

शेवटी गोमतीने परसात भाताची कणगी झाकायचे जुने टोपले उपडे घातले. त्याला कोणी देव म्हणू शकत नव्हते. सुंदररावाने पट्टा बांधला, पगडी घातली. ढोल नव्हता म्हणून गोमती पितळी ताट घेऊन बसली आणि पळीने ठेका देऊ लागली. पाय पुन्हापुन्हा उजवीकडे जात, ती ताट थांबवी, तो मागे येई. अखेर त्याने डोळे मिटले, दात दाबले, आणि अगदी सावकाश, पाय ओढत, डावीकडून एक फेरी पुरी केली.

नेमक्या याच फेरीच्या वेळी शेजारच्या सरोजाअक्कांनी परसाच्या भिंतीवरून पाहिले.

त्यांनी जे पाहिले ते असे: ज्या घरात म्हातारी चार दिवस तापाने पडली आहे, त्या घरातला जावई डोळे मिटून, दात दाबून, अपसव्य फेरी घालतो आहे, आणि लेक शेजारी बसून ताट बडवते आहे. डावी फेरी माणूस आयुष्यात घालतो ती चितेभोवती. सरोजाअक्कांना आणखी चौकशी करण्याचे कारण नव्हते. गल्लीत कोणी गेले तर प्रेत उठेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही. त्यांनी आत जाऊन आपल्या चुलीवर पाणी ओतले आणि पुढच्या दाराने पलीकडच्या घरी निरोप दिला. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंच्या घरांतला धूर थांबला.

गर्दी जमली तेव्हा सुंदरराव पगडी काढून पाणी पीत होता. समोरच्या घरातले वैद्यनाथ अय्यर सर्वांत वडील, म्हणून ते पुढे आले. खांद्यावर पंचा होता, चेहरा जसा पाहिजे तसा होता. त्यांनी आवाज खाली आणून तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली तोच आतून मीनाक्षीबाई शाल पांघरून दारात आल्या.

“कोण गेले?” त्यांनी विचारले.

वैद्यनाथ अय्यरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले.

“तुम्ही,” ते म्हणाले.

“केव्हा?”

“आत्ता सकाळी. सरोजाने पाहिले.”

मीनाक्षीबाईंनी गल्लीवर नजर फिरवली. “आणि एवढे सगळे माझ्यासाठी आलात?”

“यायलाच पाहिजे.”

“चुली विझवल्यात?”

“माझा सांबार अर्धा झाला होता,” वैद्यनाथ अय्यर म्हणाले. त्यांच्या आवाजातला शोक आता खरा वाटू लागला होता.

“तुमच्या घरी लग्नाला बोलावणे नव्हते मला,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “मेल्यावर आलात, बरे वाटले.” मग त्या जावयाकडे वळल्या आणि घरच्या मराठीत म्हणाल्या, “काय हो जांवई, मी मेले म्हणोन पट्टा बांधून नाचत होता? आणि ही माझी पोटची पोर ताल देत होती?”

गल्लीला समजावून सांगायला बराच वेळ लागला. कवायतीचा भाग लोकांनी मान्य केला, पण त्यासाठी उपाशी राहावे लागले हे मान्य केले नाही. जाताना सरोजाअक्का एवढेच म्हणाल्या की पुन्हा फिरायचे असेल तर आधी सांगत जा, म्हणजे लवकर जेवून घेऊ.

शिपायाच्या घरी मयत झाल्याची बातमी ठाण्यावरही पोचली होती. दुपारी स्वामीनाथ पिळ्ळै स्वतः आले. मयत पुढे होऊन त्यांना ताक देऊ लागली तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. ते माजघरात पाटावर बसले, ताकाचा घोट घेतला, आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या समईवर गेली.

ती दिव्यांसाठी नावाजलेल्या नाचियार्कोविल्‌ची समई होती, कमरेइतकी उंच, माथ्यावर हंस. मीनाक्षीबाईंच्या लग्नात आलेली. एकादशीला घरी भजन असले म्हणजे तीच मध्ये ठेवत.

“आता अशी घडण होत नाही,” पिळ्ळै म्हणाले. “रायर, परीक्षेत हुकूम कोण देतो?”

“तुम्ही, सर.”

“साहेब बघतात फक्त. उजवे किती, डावे किती, हे कोठे छापलेले नाही. एखाद्या वेळी जीभ डावे विसरली तर तुकडी उजवीकडेच छान फिरेल, साहेब सही करून चहाला जातील.” त्यांनी आणखी एक घोट घेतला. “आवणी महिन्यात माझ्या मुलीचे लग्न आहे. असा दिवा मांडवात शोभतो.”

एवढे बोलून ते ताकाकडे पाहू लागले. पुढचे बोलणे त्यांच्यासमोरच झाले, पण मराठीत.

“देऊन टाका,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “दिवा माझा आहे. जांवयाची नोकरी जाऊन दिवा राहिला तर त्यात तेल कोठून घालू?”

“मग भजनाला काय ठेवायचे?” गोमती म्हणाली.

“टोपले ठेव. त्याच्याभोवती फिरायची सवय झालीच आहे.”

दिवा दिला की दाखला मिळणार होता, हे सुंदररावाला स्पष्ट दिसत होते. न दिला तर तो महिनाअखेरीस घरी बसणार होता, हेही तितकेच स्पष्ट होते. आचरणाच्या पेपरात पहिलाच प्रश्न असा होता की शिपायाने कोणाकडून काय घ्यावे आणि कोणाला काय द्यावे. त्याचे उत्तर एका शब्दाचे होते. सुंदररावाने ते दोन पाने लिहिले होते.

“सर,” तो तमिळमध्ये म्हणाला, “आचरणाच्या पेपरात मला पहिला नंबर तुम्हीच दिलात.”

“तो पेपर होता, रायर.”

“होय सर. आणि हा दिवा आहे.”

पिळ्ळै यांनी पेला खाली ठेवला. “शरि,” ते म्हणाले, म्हणजे बरे, पण ते बरे वाटले नाही. “मग जीभ काही विसरणार नाही. उलट तिला डावे जरा जास्त आठवेल.”

ते गेल्यावर मीनाक्षीबाई पुन्हा अंथरुणावर जाऊन पडल्या. “नियम तेवढे पाठ केलेत,” त्या आतून म्हणाल्या, “पाय पाठ केले असते तर बरे होते.”

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सुंदररावाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध आले. पुरोहित गोपालकृष्ण शास्त्री यांनी जानवे उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितले आणि पिंडांभोवती पाणी सोडायला सांगितले, अर्थातच डावीकडून. सुंदररावाचा हात डावीकडून फिरला. मध्ये अडला नाही, विचार करावा लागला नाही.

तो हाताकडे पाहत राहिला. मग त्याला कावेरीकाठची ती दुपार आठवली. खांद्यावर पाण्याचे मडके होते, मागे ढोल वाजत होते, अगदी तालात, आणि तो चितेभोवती डावीकडून चालला होता. तीन फेऱ्या. पाय एकदाही चुकले नव्हते.

“पुढचे म्हणा,” शास्त्री म्हणाले.

“शास्त्रीबुवा, एक विचारू? कवायत करताना वडिलांना आठवले तर चालते काय?”

शास्त्र्यांनी दर्भाची काडी खाली ठेवली. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. “पितरांना केव्हाही आठवावे,” ते विचार करून म्हणाले. “पण ह्या श्राद्धाचे अधिकारी तीनच. बाप, आजा, पणजा. त्यापुढे मी जबाबदारी घेत नाही.”

दुसऱ्या दिवशी सरोजाअक्कांची जेवणे झाल्याची खात्री करून गोमतीने परसात टोपले मांडले. वडील मनात नसताना सुंदरराव उजवीकडे गेला. वडील मनात आणले तेव्हा पाय ताटाच्या ठेक्यात डावीकडे गेले, जणू दुसरी दिशाच नव्हती. गोमतीने ठेका वाढवला तरी चुकले नाहीत. फक्त तिने पळी खाली ठेवली तेव्हा तिला दिसले की त्याचे गाल ओले आहेत.

“रडत रडत चाललेले साहेबाला चालेल काय?” तिने विचारले.

सुंदररावाने कवायतीचे पुस्तक काढून पाहिले. डोळ्यांविषयी त्यात एवढेच होते की ते समोर असावेत.

परीक्षेच्या सकाळी पेल्हम साहेब छडी काखेत धरून खांबाजवळ उभे राहिले. शेजारी इन्स्पेक्टर शंकरनारायण अय्यर होते, कारण साहेबांचे तमिळ पाणी मागण्यापुरते होते. ढोल सुरू झाला. पिळ्ळै यांनी तुकडी चालवली, उजवे वळण घेतले, ते सुरेख झाले. मग त्यांनी सुंदररावाकडे पाहिले आणि आरोळी दिली, “लेफ्ट व्हील.”

सुंदररावाने वडिलांना आठवले. चंद्रमौलीराव भजनात नेहमी अर्धा सूर खाली गात आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक नसे. शेवटच्या आजारात त्यांनी विचारले होते की गणवेशाचा रंग कसा असतो, आणि तो दिसेपर्यंत ते थांबले नव्हते. पाय डावीकडे गेले. तुकडी मागोमाग गेली, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी दबक्या आवाजात देवाचे नाव घेतले.

पिळ्ळै यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी लगेच पुन्हा तोच हुकूम दिला.

दुसऱ्या वळणाला आजोबा, मुकुंदराव. त्यांना सुंदररावाने पाहिले नव्हते. पण राज्य गेले, घोडे गेले, तरी ते दर दसऱ्याला लगामाला तेल लावून खुंटीवर टांगत, हे त्याने ऐकले होते. खुंटीवरचा तो तेल लावलेला लगाम पुरेसा होता. पाय डावीकडे गेले.

“लेफ्ट व्हील.”

तिसरे पणजोबा, व्यंकोजी. यांचे नाव सोडून काहीच ठाऊक नव्हते. तालात चालत असताना सुंदररावाला क्षणभर भीती वाटली. मग ज्या माणसाविषयी पणतूला नावापलीकडे काही माहीत नाही, त्याचे वाईट वाटून घ्यायला तेवढेच कारण त्याने धरले, आणि ते पुरले, जेमतेम. तुकडी वळली. साहेब आता सुंदररावाकडे निरखून पाहू लागले होते.

पिळ्ळै यांनी श्वास घेतला. “लेफ्ट व्हील.”

चौथे कोणी नव्हते. शास्त्र्यांनी जबाबदारी घेतली नव्हती. खांब जवळ येत होता, ढोल वाजत होता, आणि सुंदररावाला उजवा पाय त्याच्या जुन्या वाटेकडे कलताना स्पष्ट जाणवला. संपले, असे त्याला वाटले. पट्टा संपला. सकाळी गोमतीने पितळी बिल्ला चिंचेने घासला होता, तो तिला आता घासावा लागणार नव्हता. दोन पाने लिहिलेले उत्तर, पगडीचा तो शेवटचा पीळ जो महिनाभर जमत नव्हता आणि मग जमला, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर झाकून ठेवल्यासारखे दिसले. नोकरी गेली होती. फक्त उचलायची बाकी होती. सुंदररावाला तिचे मनापासून वाईट वाटले.

आणि पाय डावीकडे गेले.

तुकडी खांबाला पुरा वळसा घालून आली. पिळ्ळै यांनी पाचव्यांदा तोंड उघडले, पण साहेबांनी छडी वर केली आणि तुकडी थांबली.

“चार वेळा डावे,” साहेब इन्स्पेक्टरांना म्हणाले. “हेड कॉन्स्टेबल फार कसून परीक्षा घेतो. माझ्या शेऱ्यात लिहा, त्याची तारीफ.” पिळ्ळै यांनी सलाम केला. तो त्यांच्या नेहमीच्या सलामाइतका ताठ नव्हता. मग साहेब सुंदररावासमोर येऊन उभे राहिले. “याला विचारा, हा डावीकडे वळताना रडतो. उजवीकडे रडत नाही. का?”

शंकरनारायण अय्यरांनी विचारले. वरिष्ठाने विचारले तर खरे सांगावे, असा आचरणाचा नियम होता, आणि सुंदररावाला दुसरे काही सुचतही नव्हते. त्याने सांगितले की आमच्यात डावीकडून फिरणे फक्त मृतांसाठी असते, आणि माझे पाय इतर कोणत्याही कारणाने तिकडे जात नाहीत. म्हणून पहिल्या वळणाला वडील, दुसऱ्याला आजोबा, तिसऱ्याला पणजोबा.

इन्स्पेक्टरांनी हे इंग्रजीत केले. साहेबांनी ऐकून घेतले. ते हिशेबाचे पक्के गृहस्थ होते.

“हे तीन झाले,” ते म्हणाले. “वळणे चार होती. चौथे कोण?”

सुंदरराव समोर पाहत होता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

“माझी नोकरी, साहेब.”

शंकरनारायण अय्यर जरा अडखळले, मग त्यांनी तेही जसेच्या तसे सांगितले. मागच्या रांगेत कोणीतरी खोकले. पेल्हम साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, इन्स्पेक्टरांच्या हातातल्या कागदावर सुंदररावाच्या नावापुढे खूण केली, आणि पुढच्या शिपायाकडे सरकताना मान न वळवता म्हणाले, “त्याला सांगा, ती जिवंत आहे.”

इन्स्पेक्टरांनी ते तमिळमध्ये सांगितले. सुंदररावाला साहेबाचे आभार मानायचे होते. पण तुकडी अजून ‘अटेन्शन’मध्ये होती, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले होते, नाक वाहत होते, आणि ते पुसायचा हुकूम अजून झाला नव्हता.